गाळलेल्या नावाची गोष्ट

भांडणाचं कारण अगदी साधं आहे. विद्यापीठातल्या एका विषयासाठी गटाने मिळून सादरीकरण करायचं असतं. गटातले बाकीचे अंग चोरतात आणि सगळं काम चू सांग-ऊ एकटा उपसतो. संगणकशास्त्राचा हा विद्यार्थी घड्याळाच्या काट्यावर चालणारा, नियमाला पक्का. ज्यांनी कामाला हात लावला नाही त्यांची नावं तो सादरीकरणातून सरळ गाळून टाकतो. गाळलेल्यांत जांग जे-यंगचंही नाव असतं. जे-यंग डिझाइन शाखेचा, सगळ्या विद्यापीठाचा लाडका, पदवी हातातोंडाशी आलेला. नाव गेलं, त्याबरोबर गुण गेले आणि पदवी लांबली. संतापलेला जे-यंग सांग-ऊला शोधून काढतो आणि त्याच्या आखीव दिनक्रमात बिब्बा घालत सुटतो. वर्गातली त्याची ठरलेली जागा बळकावतो, त्याला न सोसणारा लाल रंग अंगभर घालून समोर येऊन बसतो. ‘सिमँटिक एरर’ ही कोरियन मालिका इथून सुरू होते आणि या दोघांच्या प्रेमापाशी येऊन थांबते. जोसुरी या टोपणनावाने लिहिलेल्या वेब-कादंबरीवर ती बेतलेली आहे. किम सू-जंग यांच्या दिग्दर्शनाखाली तिचे आठ छोटे भाग २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘वॉचा’ या कोरियन स्ट्रीमिंग मंचावर आले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ती चित्रपटाच्या रूपात कोरियातल्या चित्रपटगृहांतही लागली.

हे भांडण कशावरून होतं, याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. दोन तरुणांच्या परस्पर-प्रेमाच्या गोष्टींना आता जगभर ‘बॉइज लव्ह’ किंवा नुसतंच ‘बीएल’ म्हणतात. अशी गोष्ट म्हटली की अडथळा कोणता असणार, हे आपण मनात आधीच ठरवलेलं असतं: घरचे, धर्म, कायदा, लोकलज्जा. इथे अडथळा आहे गटकामाचं श्रेय. कोरियन विद्यार्थी अशा गटकामाला ‘टीम प्ले’चा संक्षेप करून ‘टिमप्ल’ म्हणतात आणि काम न करता गुण पदरात पाडून घेणाऱ्यासाठी बिनतिकीट प्रवासाचा शब्द वापरतात. आपल्याकडच्या ‘फुकट्या’चा तो सख्खा भाऊ. म्हणजे तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या माहितीचं, रोजच्या चिडचिडीचं हे दुखणं आहे. या मालिकेचं मोल याच निवडीत आहे, असं माझं म्हणणं आहे. दोन मुलग्यांच्या प्रेमाला तिने साध्या अडचणींचा हक्क दिला. त्या प्रेमाची वकिली केली नाही आणि त्याबद्दल कुणाची माफीही मागितली नाही. कुठल्याही प्रेमकथेला लागतं ते सगळं मात्र मनापासून दिलं: हट्ट, गैरसमज, स्वभावांची टक्कर, उशिरा उमगलेली ओढ. हा हक्क दिसायला छोटा आहे. ज्यांना तो कधी मिळालाच नाही, त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं की तो किती मोठा आहे ते कळतं.

कारण समलिंगी प्रेमाच्या गोष्टीला आजवर बहुधा दोनच वाटा मोकळ्या होत्या: मरणाची आणि वादाची. जपानमध्ये १९७०च्या दशकात मुलींच्या मासिकांतून या प्रकाराची पहाट झाली. तिथे हागिओ मोतो यांनी चितारलेली ‘थॉमसचं हृदय’ ही चित्रकथा एका मुलाच्या आत्महत्येनेच सुरू होते, आणि ती घडते जर्मनीतल्या वसतिगृहात. ताकेमिया केइको यांची १९७६ पासून क्रमशः आलेली प्रसिद्ध चित्रकथा फ्रान्समधल्या शाळेत घडते आणि तिचाही शेवट शोकाचा आहे. हे प्रेम सांगायचं तर ते दूरच्या देशात न्यावं लागे आणि त्याची किंमत जिवाने चुकती करावी लागे. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्येही महाविद्यालयाचंच वातावरण आहे. तेंडुलकरांनी नाटकाची नायिका सुमित्रा हिचं मन विलक्षण धाडसाने उघडं केलं, पण त्या काळात तिच्या वाट्याला आत्मनाशाखेरीज दुसरा शेवट त्यांना दिसला नाही. हा दोष लेखकाचा म्हणता येणार नाही. समाजाने जेवढी जागा ठेवली होती, तेवढीच गोष्टीला मिळाली.

कोरियाची कथाही वेगळी नव्हती. २००० साली अभिनेते होंग सक-चन यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं आणि दूरचित्रवाणीवरची त्यांची कामं पाठोपाठ काढून घेतली गेली. २०१० साली किम सू-ह्यन या मातब्बर लेखिकेने जेजू बेटावरच्या एका मोठ्या कुटुंबाच्या मालिकेत पुरुषांची एक जोडी आणली, तीही अतिशय जिव्हाळ्याने. त्यावर विरोधकांनी वर्तमानपत्रांत निषेधाच्या जाहिराती दिल्या. त्या मालिकेचं ऋण मोठं आहे. तरीही त्या जोडीचं कथेतलं मुख्य काम होतं घरच्यांना सांगणं, आणि घरच्यांनी ते सोसणं. ती माणसं पडद्यावर आली ती एक प्रश्न होऊन. दहा वर्षांनी, २०२०मध्ये, ह्वांग दा-सुल यांनी शाळकरी मित्रांवर केलेली छोटी वेब-मालिका आली. ती कोरियातली पहिली बीएल मालिका मानली जाते. पुढच्या दोन वर्षांत अशा मालिकांची रांग लागली आणि त्यांतल्या कित्येक विद्यापीठात घडू लागल्या. ह्वांग दा-सुल यांचीच २०२२ची ‘ब्लूमिंग’ चित्रपटशास्त्राच्या विद्यार्थ्यांची गोष्ट आहे आणि तिथेही पहिली ठिणगी पडते ती वर्गात जास्त लोकप्रिय कोण, या चढाओढीतून. ‘प्रश्न’ असलेली माणसं इथे ‘विद्यार्थी’ झाली. हे स्थित्यंतर मला फार मोलाचं वाटतं.

गोष्ट विद्यापीठातच का घडावी, याला कोरियात खास कारण आहे. तिथला मुलगा नोव्हेंबरातल्या एका प्रवेश-परीक्षेसाठी सगळं शालेय आयुष्य पणाला लावतो. त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणं आणि उतरणीसुद्धा थांबवतात, इतकी ती परीक्षा देशाच्या जिवाला लागलेली असते. पुढे सक्तीची लष्करी सेवा उभी असते. भूदलात गेला तर दीड वर्षाची, आणि बहुतेक मुलं ती शिक्षण मध्येच थांबवून पुरी करतात. नंतर नोकरी आणि लग्नाचा तगादा. या सगळ्याच्या बेचक्यात सापडलेली मोजकी वर्षं म्हणजे विद्यापीठ. पण तेही मोकळं रान नाही, कारण वडील-धाकटेपणाची उतरंड तिथेही असते. आधी प्रवेश घेतलेला तो ‘सनबे’, मागून आलेला ‘हुबे’, आणि कोण कुणाशी कसं बोलणार हे त्यावरून ठरतं. कोरियन भाषेत आदराचं बोलणं आणि सलगीचं बोलणं अशा दोन तऱ्हा आहेत, क्रियापदांची रूपंच बदलतात. एकीतून दुसरीत पाऊल टाकणं ही नात्यातली घटना असते. इंग्रजी उपशीर्षकांत हे सगळं एका ‘यू’मध्ये विरघळून जातं. मराठी माणसाला मात्र ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही ‘अहो-जाहो’चं ‘अरे-तुरे’ होणं म्हणजे काय, हे दोघांनाच कळतं. शिवाय ‘एकेरीवर येणं’ आपण भांडणात म्हणतो आणि एकेरीत बोलतो ते जिवाभावाच्या माणसाशी. कोरियनमध्येही आदरार्थी रूप गळून पडलं की त्यातून हातघाई होऊ शकते किंवा प्रेम उमलू शकतं. सांग-ऊचं करकरीत अदबीचं बोलणं हे म्हणूनच त्याच्या घराला घातलेलं कुंपण आहे, आणि मालिकेतला खरा प्रवास त्या कुंपणापलीकडचा आहे.

शीर्षकही याच प्रवासाचं आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातून दोन जातींच्या चुका होतात. एक व्याकरणाची, म्हणजे चिन्ह राहिलं किंवा शब्द चुकला. ती संगणक लगेच दाखवतो. दुसरी अर्थाची. तिथे प्रत्येक ओळ शुद्ध असते, प्रोग्रॅम निमूट चालतो आणि तरी जे करायला हवं ते करत नाही. तिला म्हणतात सिमँटिक एरर. सांग-ऊचं आयुष्य असं निर्दोष ओळींचं आहे. जे-यंग त्यात शिरतो तेव्हा त्याला वाटतं, चूक ही बाहेरून आली. आपली मांडणी शुद्ध होती आणि अर्थ मात्र निसटला होता, हे त्याला हळूहळू उमजतं. सांग-ऊ एक मोबाइल गेम बनवत असतो आणि त्यासाठी त्याला डिझाइनर हवा असतो. तो डिझाइनर म्हणजे जे-यंगच निघतो. काम केलं नाही म्हणून ज्याचं नाव गाळलं, त्याच्याबरोबर खांद्याला खांदा लावून काम करण्यातून हे प्रेम वाढतं. श्रेयाचा हिशेब चुकता करता करता दोघं हिशेबाच्या पलीकडे जातात. प्रेमाचा इतका कष्टाळू, इतका विद्यार्थिसुलभ पाया मला फार सुंदर वाटतो.

आता यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. हा सगळा पळपुटेपणा आहे, असं कुणी म्हणेल. कोरियात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. भेदभावाला बंदी घालणाऱ्या सर्वंकष कायद्याचा मसुदा २००७मध्ये पहिल्यांदा आला आणि पुढे अनेकदा मांडूनही मंजूर झालेला नाही. लष्करी फौजदारी कायद्याच्या ९२-६ या कलमाखाली पुरुष सैनिकांमधल्या संबंधांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटना न्यायालयाने २००२, २०११, २०१६ आणि २०२३ अशा चार वेळा हे कलम उचलून धरलं. २०२२च्या एप्रिलमध्ये, मालिका संपून जेमतेम महिना झाला असताना, सर्वोच्च न्यायालयाने दोन सैनिकांची शिक्षा रद्द केली. कामाच्या वेळेबाहेर, खासगी जागी, परस्परसंमतीने झालेल्या गोष्टीला हे कलम लागू होत नाही, असं म्हणावं लागलं ते तेव्हा. जे-यंगची भूमिका करणारे पार्क सो-हाम तर मालिका यायच्या आधीच, २०२१च्या नोव्हेंबरात, सक्तीच्या सेवेत रुजू झाले होते. म्हणजे पडद्यावर ज्या प्रेमाचा शेवट गोड होत होता, त्याला देशाच्या बराकीत गुन्ह्याचं नाव होतं. अशा देशात गटकामाच्या भांडणाची गोष्ट सांगत बसणं हे सत्याकडे पाठ फिरवणं नव्हे काय?

या आक्षेपातली वेदना मला मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. कथा जगाचा दाखला देते, तशीच जग कसं असायला हवं याचा नमुनाही ठेवते. एखाद्या प्रेमाला प्रत्येक वेळी त्याच्या शत्रूसकटच दाखवायचं ठरवलं, तर त्या प्रेमाची व्याख्या शत्रूच्या हाती जाते. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत हुंड्याचा किंवा जातीचा उल्लेख नसेल, तर आपण तिला दर वेळी पळपुटी म्हणत नाही, तिला तिच्या गोष्टीपुरती मोकळीक देतो. तीच मोकळीक इथे मागितली की ती पळवाट का वाटावी? शिवाय मौनाचाही एक अर्थ असतो. कोरियन प्रेक्षकाला ९२-६ ठाऊक आहे, लग्नाचा तगादा ठाऊक आहे. पडद्यावर त्याचा शब्दही निघत नाही, तेव्हा ती अनुपस्थिती त्याला जाणवल्याशिवाय राहत नाही. हे आपल्या ओळखीचं विद्यापीठ आहे, आणि तरी इथे हे दोघं निर्धास्त आहेत, म्हणजे आपल्या विद्यापीठात काय कमी आहे, हा विचार मालिका त्याच्या मनात शांतपणे ठेवून जाते.

तरीही एक कबुली द्यायला हवी. एकट्या गोड गोष्टींनी कुठल्याच साहित्याचं पोट भरत नाही. म्हणून २०२३मध्ये आलेल्या ‘द एट्थ सेन्स’चं मला अगत्य वाटतं. तीही विद्यापीठाचीच गोष्ट आहे. लष्करी सेवा करून परतलेला जे-वन आणि गावाकडून सोलला शिकायला आलेला जी-ह्यन सर्फिंगच्या मंडळात एकत्र येतात. या मालिकेत समुपदेशकाची खोली आहे, भावाच्या मृत्यूचं ओझं आहे, वरच्या वर्गातल्यांचा जाच आहे आणि जगाची भीतीही आहे. तिथे प्रेम जखमेसकट येतं. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तिथेही प्रेम हा रोग ठरत नाही. जे-वनच्या मनाचा आजार वेगळा आहे, आणि प्रेम हा त्या आजारातून बाहेर येण्याच्या धडपडीचा भाग आहे. निर्धास्त विद्यापीठाची गोष्ट आधी सांगून झाली होती, म्हणून भेदरलेल्या विद्यापीठाची गोष्ट शोकांतिकेत न ढकलता सांगता आली, असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकमेकींना लागतात.

दुसरा आक्षेप असा की हे प्रेम पुरुषांचं, पण ते लिहिणाऱ्या आणि पाहणाऱ्या बहुतांश स्त्रिया. त्यांच्या मनोरंजनासाठी समलिंगी पुरुषांचं आयुष्य वापरलं जातं आणि बाजार त्यावर नफा कमावतो. जपानपासून आजपर्यंत या प्रकाराला स्त्रियांनीच वाढवलं, हे खरंच आहे. पण त्यांनी ते का केलं, याचाही विचार हवा. बायको कोण आणि नवरा कोण, कुणी वाकायचं आणि कुणी वाकवायचं, हे जिथे जन्माने ठरलेलं असतं, तिथल्या मुलींना बरोबरीच्या प्रेमाची कल्पना करून पाहायला एक जागा हवी होती. ती त्यांना दोन मुलग्यांच्या गोष्टीत सापडली. त्या कल्पनेला पहिल्यांदा युरोपातली वसतिगृहं आणि अकाली मरण लागलं. अर्ध्या शतकाने तिला आपल्याच देशातला वर्ग, आपल्याच भाषेतलं भांडण आणि जिवंत शेवट पुरेसा झाला. दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिणाऱ्याने प्रामाणिक राहावं, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती प्रत्येक लेखकाला लागू आहे. बाजार तर प्रत्येक प्रेमकथेमागे उभा असतो. या प्रेमाची गोष्ट खपते म्हणून ती खोटी, असं म्हणता येत नाही. ज्या देशात एका अभिनेत्याला खरं बोलल्याबद्दल पडद्यावरून उतरवलं गेलं, तिथे हीच ओढ मांडणाऱ्या गोष्टीसाठी लोक तिकीट काढून चित्रपटगृहात जातात, या बदलाची नोंद घ्यायलाच हवी.

तिसरा आक्षेप आशयाचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. जे-यंग पहिल्या भागांत जे करतो तो सरळसरळ छळ आहे. माग काढणं, जागा बळकावणं, आवडी-निवडीचं हत्यार करणं, यांतून प्रेम उगवतं असं दाखवणं घातक आहे. आपल्याकडच्या चित्रपटांनी नायिकेची वाट अडवण्याला प्रेमाचं नाव देऊन जे नुकसान केलं, ते आठवलं की हा आक्षेप हलक्यावारी उडवता येत नाही. मी तो पूर्ण मागे घेणारही नाही. जे-यंगच्या वागण्यातला जाच मालिका काही ठिकाणी गमतीवर नेते, तिथे ती चुकते. पण दोन गोष्टी तिच्या बाजूने सांगायला हव्यात. पहिली, हा जाच प्रेम मिळवण्यासाठी केलेला नसतो, तो उघड सूड असतो. जे-यंगच्या मनात ओढ जागी होते तसं त्याचं वागणं बदलावं लागतं. दुसरी गोष्ट सांग-ऊच्या स्वभावात आहे. त्याला सूचक बोलणं कळत नाही, नजरेची भाषा वाचता येत नाही, ‘समजून घे’ हे त्याला लागू पडत नाही. त्याच्याशी नातं जोडायचं तर सगळं स्पष्ट शब्दांत मांडावं लागतं, विचारावं लागतं आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं. ‘नाही’मध्ये ‘हो’ शोधण्याची सवय लागलेल्या प्रेमकथांच्या जगात असा नायक असणं हीच एक शिकवण आहे. संमती म्हणजे अर्थाची चूक टाळण्याची काळजी, हे तो व्याख्यान न देता दाखवतो.

मालिका एका गाळलेल्या नावापासून सुरू होते, आणि तिची आठवण मला वारंवार येते ती एका खऱ्या प्रकरणामुळे. कोरियातल्या एका पुरुष-जोडप्यातल्या एकाने २०२० साली राष्ट्रीय आरोग्य विम्यात आपल्या जोडीदाराचं नाव आश्रित म्हणून नोंदवलं. नोंद झाली. मग ते जोडपं बातम्यांत आलं आणि त्याच वर्षी विमा संस्थेने ते नाव यादीतून काढून टाकलं, वर जोडीदाराच्या नावे वेगळा हप्ताही आकारला. त्यांच्या संसारात फरक पडला नव्हता, यादीतून नाव तेवढं गेलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं, खालच्या न्यायालयात हार झाली, वरच्या न्यायालयात निकाल फिरला, आणि १८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव असल्याचं सांगत त्या जोडप्याच्या बाजूने निकाल दिला. लग्नाची मान्यता अजून दूर आहे, पण दवाखान्याच्या खर्चापुरतं ते नाव यादीत परत आलं. यात थोर प्रेमाची ग्वाही नव्हती. विम्याचा हप्ता, आश्रिताचा रकाना, इतकीच साधी बाब होती. जे इतरांना न मागता मिळतं, तेवढंच त्यांनी मागितलं होतं.

‘सिमँटिक एरर’ हेच मागते, आणि म्हणूनच तिचा साधेपणा मला धीट वाटतो. जे-यंगचं नाव गाळलं गेलं ते काम न केल्याबद्दल, तो कुणावर प्रेम करतो यावरून नव्हे. मालिकेच्या जगात नाव गाळण्याचं आणि परत लिहिण्याचं कारण फक्त माणसाची कृती आहे. बाहेरच्या जगात ते तसं नाही, आणि तिथली प्रत्येक ओळ नियमाला धरून असली तरी चूक मग तिथल्या अर्थात आहे. दोन विद्यार्थी एका कामासाठी शेजारी बसतात, भांडतात, शिकतात, आणि शेवटी दोघांच्या कामावर दोघांचं नाव असतं. एखाद्या समाजाने आपल्या मुलांना इतकं द्यायला काय हरकत असावी?